पाऊणपट आणि वर एक घटका

भरती पुरती भरली की ओहोटी लागायच्या आधी खाडीचं पाणी थोडा वेळ उभं राहतं. चढत नाही, उतरत नाही. शिवराम या थोड्या वेळासाठीच नोकरी करत होता असं म्हटलं तर त्याच्या साहेबांना राग येईल, पण खरं तेच होतं. पगार त्याला बेलापूरच्या धारण तलावाचं गेट उघडण्या-लावण्याचा मिळायचा. सुख मिळायचं ते पाणी उभं राहिलं की. हातातलं काम टाकून तो कठड्याला टेकायचा आणि असा काही हरवायचा, की मागून मारलेली हाक त्याला पलीकडच्या काठावरून आल्यासारखी वाटायची. 'लागली बघा तंद्री,' असं म्हणून लोक आपापल्या वाटेला लागायचे. मग पाण्यावरची एखादी काडी हळूच समुद्राकडे सरकायची. ती सरकली की शिवराम जागा व्हायचा आणि गेटच्या चाकाकडे वळायचा.

हे तलाव रोज बघणाऱ्या लोकांनाही ते कशासाठी आहेत हे ठाऊक नसतं. फ्लेमिंगो बघायला येतात, फोटो काढतात आणि जातात. नवी मुंबईचा बराचसा भाग खाजणाच्या दलदलीत भराव घालून वसवलेला, मोठ्या भरतीच्या पाण्याहून फारसा उंच नाही. म्हणून खाडीच्या कडेनं तलाव ठेवलेत. भरती आली की गेट बंद करायचं. नाल्यांतून आलेलं पावसाचं पाणी तोवर तलावात थांबतं. ओहोटी लागली की गेट उघडायचं, पाणी खाडीत सोडायचं. एवढंच काम. पण जुलैतला मुसळधार पाऊस आणि अमावास्येचं उधाण एकत्र आलं, आणि गेट अर्धा तास चुकलं, की चार सेक्टरांतल्या तळमजल्यांवर गुडघाभर पाणी. एकतीस वर्षांत शिवरामकडून ते एकदाही झालं नव्हतं. त्याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नाही, कारण न आलेलं पाणी कुणाला दिसत नाही.

शिवराम महाडकडच्या एका वाडीतला. त्याचे आजोबा महाडच्या तळ्यावर गेले होते, सगळ्यांबरोबर ओंजळभर पाणी प्यायले होते, आणि त्या ओंजळीची गोष्ट घरात तीन पिढ्या सांगितली जात होती. अशा घरातल्या पोराच्या हातात चार सेक्टरांच्या पाण्याचं चाक आलं, तेव्हा पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरले. गेटवर आधीपासून असलेला, शेजारच्या दिवाळे गावचा सिताराम नाखवा ते बघत होता. होडी विकून नोकरीला लागलेला, सत्तरीकडे झुकलेला कोळी. तो हसला नाही. म्हणाला, "हात कापूं दे. ज्याचा हात कापत नाय त्याला मी चाक देत नाय."

ऑफिसनं शिवरामला भरती-ओहोटीच्या वेळांचा छापील तक्ता दिला होता. नाखव्यानं तो घडी घालून शिवरामच्या खिशात परत ठेवला. "ह्यो तक्ता मुंबईच्या बंदराचा हाय. आपल्या खाडीचा नाय." मग त्यानं एक काठी दिली. ती काठावरच्या चिखलात रोवायची, पाणी चढेल तसतशी खूण करायची, पाणी उभं राहिलं की वेळ लिहायची, आणि हे पंधरा दिवस. दुसरं काही विचारायचं नाही. तिसऱ्या दिवशी शिवराम कंटाळला. सहाव्या दिवशी त्याला नोकरी सोडावीशी वाटली. नवव्या दिवशी कधीतरी पाणी उभं राहिलं आणि त्याच्याबरोबर तोही उभा राहिला, आणि तेव्हापासून ही तंद्री त्याच्या मागे लागली.

पंधरवडा संपल्यावर नाखव्यानं सूत्र सांगितलं. "तिथीची पाऊणपट कर. आनि वर एक घटका घाल." म्हणजे अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, सहा वाजता आणि वर चोवीस मिनिटांनी भरती पूर्ण. पंचमीला पावणेचार आणि वर एक घटका.

"घटका कशाला, नाखवा?"

"पान्याला खाडीत चढाया वेळ नको? मुंबईला भरलं म्हंजे दिवाळ्याला भरलं काय?"

नाखवा जाऊन अठरा वर्षं झाली. शिवराम आता एकोणसाठचा होता. घटका तो न चुकता मिळवायचा, पण ती का मिळवायची याचा विचार त्यानं केव्हाच सोडून दिला होता. हातचा मळ झालेल्या गोष्टींचं असंच होतं.

गेल्या फेब्रुवारीत त्याच्या गेटवर जग आलं. बेलापुरातल्या एका प्रशिक्षण संस्थेत अकरा देशांचे शेतकी अधिकारी सहा आठवड्यांसाठी आले होते. समुद्रकाठच्या खाऱ्या जमिनीत भात कसं घ्यायचं, बांध कसे राखायचे, पावसाचं गोडं पाणी कसं थोपवायचं, हे आपल्या सरकारतर्फे त्यांना शिकवलं जात होतं. उरणकडची खारी शेतं बघून झाली, तसं त्यांना शिवरामचं गेट दाखवायचं ठरलं. कार्यक्रम आखणारे इंजिनिअर सुधीर साहेब चांगले माणूस, फक्त घड्याळाचे गुलाम. त्यांनी शिवरामला बजावलं, "चाळीस मिनिटं. त्यात चहा आला."

शिवरामनं पाहुण्यांना जयभीम घातला. अकराही देशांनी तो मोठ्या आनंदानं परत केला. मग त्यानं चाक फिरवून दाखवलं, पण मंडळी दमलेली, उन्हानं वैतागलेली. कुणी फ्लेमिंगोंकडे बघत होतं, कुणी मोबाइलकडे. तेव्हा शिवरामला काय सुचलं कोण जाणे, त्यानं विचारलं, "टुडे मून? हाऊ मेनी डेज?" एकानं मोबाइलवर शोधून दहा सांगितलं. शिवरामनं डोळे मिटले. "सेव्हन थर्टी. प्लस ट्वेंटी-फोर मिनिट. सेव्हन फिफ्टी-फोर, वॉटर फुल." त्या माणसानं मोबाइलमधला बेलापूर खाडीचा अंदाज काढला. सात पन्नास.

टाळ्या पडल्या. अशा पडल्या की तलावातले दोन-चारशे पक्षी उठले आणि गुलाबी रंगाचं एक वर्तुळ काढून पुन्हा बसले. शिवरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं सूत्र पाटीवर लिहून दिलं, सगळ्यांनी त्याचा फोटो घेतला. काठीची आणि पंधरा दिवसांची गोष्ट मात्र राहून गेली. चाळीस मिनिटांत ती बसत नव्हती, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं, की त्या गोष्टीला टाळ्या पडल्या नसत्या.

पाहुण्यांतली एक जण जायचं नाव घेईना. इसाटू तिचं नाव, सिएरा लिओन तिचा देश. उंच, तिशीची, बूट काढून सरळ चिखलात उतरली आणि गेटची खालची फळी हातानं चाचपून आली. ती डोंगराळ भागात वाढलेली. समुद्र तिनं नोकरी लागल्यावर पाहिला. आता तिची बदली खाडीकाठच्या एका भाताच्या गावात झाली होती. तिथं बत्तीस बायका मिळून खाजणातली शेती करत होत्या, आणि मदतीच्या पैशांतून त्यांच्या बांधाला नवं गेट बसत होतं. आतापर्यंत बांधाचं भोक एक म्हातारा माणूस लाकडाच्या फळीनं उघडायचा-लावायचा. पा सोरी. तिच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला 'पा' म्हणतात. तो खेकड्यांच्या बिळांकडे बघत बसतो आणि त्याला वाटेल तेव्हा फळी काढतो, असं ती हसत म्हणाली. जाताना तिनं शिवरामचा नंबर घेतला आणि म्हणाली, "थँक यू, पा शिवराम."

त्या 'पा'नं शिवरामला वेड लावलं. कळंबोलीच्या घरी तो संध्याकाळी फोन घेऊन बसू लागला. खाली ट्रक उभे, लोखंडाच्या सळ्या उतरवल्याचा खणखणाट, आणि हा जगाचा नकाशा बोटानं मोठा-लहान करतोय. त्याची बायको शर्मिला अंगणवाडीत मदतनीस होती, दिवसभर पोरांना गप्प बसवून थकलेली. ती म्हणायची, "झालं आफ्रिकेला जाऊन? मग जेवायला या."

पण तो यायचा नाही लवकर. त्याला ते पाणी दिसत असायचं. त्याच्या गेटातून सुटलेलं पाणी खाडीतून बाहेर पडतंय, मुंबईला वळसा घालतंय, मग नुसती निळाई, दिवसच्या दिवस निळाई, आफ्रिकेचं खालचं टोक, पुन्हा वर, आणि एका सकाळी इसाटूच्या गावच्या खाडीत हळूच शिरतंय. वर चंद्र तोच. दुपारी डबा खाल्ल्यावर डोळा लागला तरी हेच. एकदा स्वप्नात नाखवा होडीत बसून निघालेला दिसला. शिवराम म्हणाला, नाखवा, घटका किती धरू? नाखव्यानं वळून बघितलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कुणीतरी गेटपाशी हॉर्न वाजवला.

मेच्या अखेरीस इसाटूचा मेसेज आला. तिचं गेट बसत आलं होतं. ती वर्षभराच्या वेळा काढून गेटच्या खोलीत चिकटवणार होती, म्हणजे पा सोरीवर अवलंबून राहायला नको. तेवढं एकदा विचारायचं होतं: तुमचा नियम आमच्याकडे तसाच लागेल ना?

शिवराम तेव्हा बसमध्ये होता. त्यानं एक स्टॉपभरही विचार केला नाही. लिहिलं: सेम सेम. मून वन. सी वन.

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की संध्याकाळी त्यानं ते शर्मिलाला वाचून दाखवलं. चंद्र एक, समुद्र एक.

ती भाकरी थापत होती. "आणि जमीन?" तिनं विचारलं. "ती पण एकच हाय काय? का त्यांची खाडी न् आपली खाडी एकाच साच्यातून काढली?"

"तुला नाय कळायचं त्यातलं."

"नसंल," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

आषाढातली अमावास्या आली. शिवरामच्या गेटवर पाऊस, उधाण, सगळं एकत्र. पावणेबाराच्या सुमारास खाडी काठोकाठ भरली आणि पाणी उभं राहिलं. पावसाचे थेंब त्या उभ्या पाण्यावर पडत होते, लाखो बारीक टोपल्या उलट्या ठेवल्यासारखे दिसत होते. शिवराम छत्री मिटून तसाच भिजत उभा राहिला. त्या दिवसाइतकं शांत त्याला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

तीन वाजता डबा उघडला आणि फोन वाजला. इसाटूनं फोटो पाठवला होता. हिरव्या रोपांचा चौकोन, आणि त्यावर तपकिरी पाणी. त्याखाली तिचा आवाज. ती रडत नव्हती, म्हणून ऐकणं जास्त कठीण गेलं. तक्त्याप्रमाणे पहाटे साडेपाचला ओहोटी पूर्ण व्हायची होती. तिनं शेतातलं जादा पाणी काढायला नवं गेट उघडायला लावलं. पाऊस इतका, अंधार इतका, की बाहेरचं पाणी कुणी बघितलं नाही. बायका गेट उघडून लांबच्या टोकाला चर मोकळे करायला गेल्या. परत आल्या तेव्हा समुद्र आत होता. तिथं भरतीच चालू होती. साडेसातपर्यंत पाणी चढतच राहिलं. सगळी रोपवाटिका खाऱ्या पाण्याखाली.

साडेसात म्हणजे इथले एक. म्हणजे तो छत्री मिटून सुखात भिजत होता, तेव्हा तिच्या शेतात समुद्र घुसत होता. शिवरामनं डबा झाकला.

नंतर बाकीचं कळलं. बियाणं निम्मं उरलं होतं. पौर्णिमेच्या आत पुन्हा पेरलं तर लावणी साधेल, नाहीतर बत्तीस घरांचा वर्षाचा भात गेला. पण पेरायच्या आधी जमिनीतलं मीठ धुऊन काढायला हवं, म्हणजे पावसाचं पाणी भरायचं आणि बरोबर ओहोटीला सोडायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायचं. आणि बरोबर ओहोटी कधी, हे आता कुणी तिला विचारत नव्हतं. तक्ता चिकटवला त्या दिवसापासून पा सोरी घरी बसला होता. माझी जुनी फळी हवी तर घ्या म्हणाला, मला बोलवू नका.

सुधीर साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, मनापासून. "जवळच्या बंदराचा तक्ता नेटवर असेल," ते म्हणाले. "तो पाठवून द्या. आणि शिवराम, तुम्ही का मनाला लावून घेता? तिनं चेक करायला हवं होतं ना?"

हे ऐकायला गोड होतं. शिवरामनं ते गोड तोंडात धरून बघितलंही. बसमध्ये, घराच्या जिन्यावर, ताटावर बसल्यावर. तिनं चेक करायला हवं होतं. पण तिनं चेक केलं होतं. त्यालाच विचारलं होतं.

"जेवत का नाय?" शर्मिलानं विचारलं.

"मी लोकांचं भात बुडवलं."

ती टोमणा मारेल असं त्याला वाटलं. साच्याची आठवण करून देईल. तिनं काहीच आठवण करून दिली नाही. त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "मग आता काय करताव?"

चतुर्थीला तो गेटवर उभा होता. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजले, पाणी अजून चढत होतं. सवयीनं त्यानं घटकाभर थांबायचं ठरवलं, आणि त्या चोवीस मिनिटांत त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. मुंबईला भरलं म्हणजे दिवाळ्याला भरलं काय? समोरच्या समोर, होडीनं जाता येईल एवढ्या अंतराला नाखव्यानं एक घटका धरली होती. आणि शिवरामनं अख्ख्या आफ्रिकेलाही तीच एक घटका धरली. साहेबांनी सुचवलेला बंदराचा तक्ताही तसाच चुकणार. तिचं गाव बंदरापासून लांब, खाडीच्या आत. सूत्रातली पाऊणपट चंद्राची होती, ती कुठंही चालेल. घटका मात्र त्या त्या खाडीची. ती काठावर बसूनच मिळते. नाखव्यानं काठी आधी दिली होती आणि सूत्र नंतर, ते म्हाताऱ्याच्या हट्टापायी नव्हे.

तीन वाजून चोवीस मिनिटांनी पाणी उभं राहिलं. पहिल्यांदाच शिवरामनं तिकडे पाठ केली आणि फोन लावला.

"इसाटू बेटा," तो म्हणाला, आणि मग त्याचं इंग्रजी पुरेना. पण पुरलं तेवढ्यात त्यानं सांगितलं. माझी चूक. तुझी नाही, तुझ्या बायकांची नाही. मी तुझी खाडी बघितलेली नाही. तरी बोललो. मला तुझी वेळ माहीत नाही. आय डोन्ट नो.

एकतीस वर्षांत हे तीन शब्द त्याला कधी म्हणावे लागले नव्हते.

"मग कुणाला माहीत आहे?" तिनं विचारलं.

"पा सोरी."

"तो येणार नाही."

"त्याला सांग, मी चुकलो. इंडियातला म्हातारा चुकला म्हणून सांग. एक काठी घ्या, खाडीत रोवा आणि दोघं बसा. एकच भरती. पाणी उभं राहिलं की मला वेळ सांग. पुढचं मोजायला मी आहे."

संध्याकाळी निरोप आला. पा सोरी येतो म्हणाला. अट एक: तो बसेल तेव्हा इंडियातल्या म्हाताऱ्यानंही बसायचं. स्वतःच्या खाडीवर, काठी घेऊन.

पंचमीला शिवराम साडेतीनलाच काठावर गेला. एकतीस वर्षांनी त्याच्या हातात काठी होती. चिखलात रोवली, बाजूच्या दगडावर बसला, छत्री मानेत धरली. फोनचा स्पीकर लावून तो डब्याच्या पिशवीत पावसापासून जपून ठेवला. त्यातून पलीकडचा पाऊस ऐकू येत होता. इथलाच वाटावा असा. कोणता थेंब कुठला, ते थोड्या वेळानं कळेनासं झालं.

एकदा पा सोरी खोकला. एकदा इसाटू म्हणाली की काठीवर दोन बोटं चढलं. शिवराम म्हणाला, इथं एक. चार वाजून नऊ मिनिटांनी त्याचं पाणी उभं राहिलं. "माइन इज स्टँडिंग," तो हळू म्हणाला, मोठ्यानं बोललं तर पाणी हलेल असं वाटून. पलीकडे इसाटूनं ते पा सोरीला सांगितलं. पा सोरी काहीतरी पुटपुटला. "तो म्हणतोय, थांबा. ते आमच्याकडे यायला निघालंय."

मग सव्वा तास. साहेबांना विचारून पुढच्या पाळीच्या दिलीपनं गेट सांभाळलं. शिवरामचं पाणी उतरत गेलं, काठीवरची ओली खूण वर राहिली, आणि त्याला ते खरंच जाताना दिसत होतं. मुंबईला वळसा, निळाई, टोक, पुन्हा वर. शहाण्या माणसाला ठाऊक असतं की पाणी असं जात नाही. शिवरामलाही ठाऊक होतं. पण त्या दगडावर बसून त्याला वाटलं की आपण ते हातानं पोचवतोय, आजोबांनी ओंजळीत धरलं तसं, सांडू न देता.

साडेपाचला पिशवीतून पा सोरीचा आवाज आला. एकच शब्द. त्यानंतर इसाटूचा श्वास.

"उभं राहिलं," ती म्हणाली. "पा शिवराम, उभं राहिलं. खेकडे बिळात गेले आणि उभं राहिलं. माझ्या घड्याळात बारा."

शिवरामनं डोळे पुसले, पावसाचं पाणी होतं, थोडं दुसरंही होतं. मग बोटांवर मोजलं. आपल्या हिशेबानं चार नऊ, तिच्याकडे बारा. "आमची पाऊणपट, घटकेसकट," तो म्हणाला, "त्यातून चार तास आणि वर नऊ मिनिटं वजा कर. आज ओहोटी सहा-सव्वासहाला. पण घड्याळ बघून गेट उघडू नको. पा सोरी सांगेल तेव्हाच उघड. घड्याळ त्याच्या मागून."

पाच ओहोट्यांत त्यांनी मीठ धुऊन काढलं. प्रत्येक वेळी पा सोरी बोटानं पाणी जिभेला लावायचा आणि मान हलवायचा. पाचव्या वेळी त्यानं मान हलवली नाही. त्रयोदशीला पेरणी झाली.

इसाटूनं एकदा मध्येच विचारलं, पा सोरी विचारतोय, तुम्हाला हे कुणी शिकवलं? शिवरामनं फोन हातात घेतला. मग एक एक अक्षर टाइप करून नाव पाठवलं. सिताराम.

जानेवारीत सुधीर साहेब पुन्हा आले. नवी तुकडी येणार होती, चाळीस मिनिटं धरली होती. शिवराम म्हणाला, "साहेब, अर्धा दिवस लागंल. आणि माणशी एक काठी." साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, शिवरामकडे बघितलं, आणि वहीत काहीतरी खोडलं.

त्याच आठवड्यात फोटो आला. कापलेल्या भाताच्या पेंढ्यांची रास, पुढे बत्तीस बायका, मध्ये काठीला टेकलेला पा सोरी. दुसऱ्या फोटोत नवं गेट. लोखंडाच्या दांड्यावर पांढऱ्या रंगानं दोन नावं लिहिली होती. वर सोरी. खाली सिताराम. दिवाळ्याच्या खाडीबाहेर आयुष्यात फारसा न गेलेला नाखवा आफ्रिकेतल्या एका गेटवर बसला होता.

शिवरामनं फोटो मोठा करून स्वतःचं नावही शोधलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दांड्याच्या दोन्ही टोकांना बघितलं, चाकावर बघितलं. नव्हतं.

शर्मिला खांद्यावरून वाकून बघत होती. "आणि तुमचं?"

त्याला आधी चुटपुट लागली. मग नाखव्याचं ते वाक्य आठवलं, हात कापू दे म्हणालेला. त्यानं हात पुढे धरून बघितला. थोडासा कापत होता.

"बरोबर लिव्हलंय त्यांनी," तो म्हणाला. फोन ठेवला, डबा उचलला आणि चपला पायात सरकवल्या. दशमी होती. सात चोपन्न.